अकरा टेबलांचा गॅस

कारखान्यात सगळे त्यांना वहिनीच म्हणत. मालक त्यांचा धाकटा दीर, त्याचं ऐकून बाकीच्यांनीही तेच उचललं होतं. तिथे अकरा टेबलांवर ज्योतीत काच वितळवून प्रयोगशाळेच्या नळ्या आणि चंबू बनत. नवरा गेल्यावर वहिनींनी स्टोअर हातात घेतलं, त्याला एकोणीस वर्षं झाली होती. सिलिंडर उतरवून घेणं, सील बघणं, टेबलाखालचा संपलेला बदलणं, सगळं त्याच करत. गळती त्यांना जिन्यातच कळायची. "वहिनींच्या नाकाला वेगळा पगार लावा," असं कारागीर मालकाला म्हणत.

मग एकदा ताप आला. आठवड्यात उतरला, पण वास घेऊनच गेला. पहिल्यांदा कळलं ते घरी. ओट्यावर दूध करपलं आणि वहिनी पाठमोऱ्या बसून निवांत भाजी निवडत होत्या.

"आई, तुम्हाला वास नाही आला?" सून धावत आली.

"लक्ष नव्हतं गं," त्या म्हणाल्या.

कारखान्यात त्यांनी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन साबणाच्या पाण्यात ब्रश बुडवायचा आणि नळीचा जोडन् जोड तपासायचा. जेवणाच्या सुट्टीत पुन्हा तेच. फुगा आला नाही, म्हणजे गळती नाही. तरी दोन तपासण्यांच्या मधल्या वेळात त्यांच्या जिवाला चैन नसायची.

आठ महिने असे गेले. तेवढ्यात मोठ्या ऑर्डरी आल्या. ऐन कामात सिलिंडर संपला की काच तडकायची, म्हणून दिराने गॅसवाल्या कंपनीचा माणूस बोलावला. त्याने दोन पर्याय मांडले. सिलिंडर टेबलाखालीच ठेवून नवे रेग्युलेटर बसवायचे. नाहीतर सगळे सिलिंडर बाहेर जाळीत दोन रांगांत ठेवायचे. एक रांग संपली की दुसरी आपोआप सुरू, आणि तिथून पाइपने प्रत्येक टेबलाला गॅस. दुसरा पर्याय दीर आणि वहिनी दोघांनाही पटला.

"शिवाय जमिनीलगत गळती ओळखणारी यंत्रं बसवता येतील," तो म्हणाला. "भोंगा वाजतो आणि गॅस बंद होतो. त्याचे पैसे वेगळे."

"ते राहू द्या," दीर हसला. "आमच्या वहिनी आहेत की."

वहिनींनी हातातली यादी खाली ठेवली. "भाऊजी, ते घ्या. मला वास येत नाही. आठ महिने झाले."

कंपनीचा माणूस उगीच कागद चाळू लागला.

"आठ महिने? आणि मला आज सांगताय?"

"तुम्ही मला स्टोअरमधून उठवून फोन घ्यायला बसवलं असतं."

"बसवलंच असतं. अकरा माणसं ज्योतीसमोर बसतात, वहिनी."

"हो. चुकलं माझं."

साबणाच्या पाण्याचा विषय त्यांनी काढलाच नाही. तो दिराला दुसऱ्या दिवशी एका जुन्या कारागिराकडून कळला. तरी दोन दिवस दीर कामापुरतंच बोलला.

तिसऱ्या दिवशी जाळीची जागा ठरवायची होती. कंपनीच्या माणसाने मागची भिंत दाखवली.

"इथे नको," वहिनी म्हणाल्या. "हा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर या गटारात उतरेल आणि तिथून तळघरात. फाटकाच्या बाजूला घ्या, तिथे मोकळं आहे."

त्या माणसाने वाकून गटार पाहिलं. "बरोबर आहे यांचं."

"मग त्या सांगतील तिथे," दीर म्हणाला. स्टोअरच्या किल्ल्या वहिनींकडेच राहिल्या.

नवी सोय सुरू होऊन दोन महिने झाले असतील. भर दुपारी भोंगा वाजला आणि अकराही ज्योती एकदम विझल्या. वहिनींनी माणसं बाहेर काढली, मोजली, जाळीतला मुख्य व्हॉल्व्हही हाताने बंद केला. दीर ऑफिसातून पळत आला.

"कुणाला वास आला होता?"

कारागिरांनी नकारार्थी माना हलवल्या. कुणालाच आला नव्हता.

सातव्या टेबलाची नळी चिरली होती. वहिनींनी ती बदलली, जोड तपासला आणि मगच गॅस सोडला. त्या दिवशी नऊ चंबू वाया गेले. दिराने कुरकूर न करता काचा स्वतः झाडून काढल्या.