रत्नपाल पाम बघायला गेला

इंदूरच्या परदेशीपुऱ्यातली मिल बंद पडली तेव्हा विणाईखात्यातला जॉबर, म्हणजे मुकादम, रत्नपाल सत्तेचाळीस वर्षांचा होता. महूच्या छावणीत फौजेत असलेल्या त्याच्या आजोबांनी देपालपुरला दोन एकर काळी जमीन घेऊन ठेवली होती. आता तीच कसायची, हे ठरलं. काय लावायचं, ते सांगायला मात्र अख्खा मोहल्ला तयार होता.

राजवाड्याजवळच्या एका कंपनीचा टायवाला एजंट म्हणाला, "सागवान लावा. वीस साल आराम करा, मग लखपती!"

मेहुणा पंचशील हा सरकारी खेतीच्या ऑफिसात बाबू. तो म्हणाला, "भाऊजी, वीस साल कोण थांबतं? ऑइल पाम लावा, पामतेलाचं झाड. चौथ्या वर्षापासून घड, महिन्यातून दोनदा तोडणी. सरकारपण पाठीशी आहे."

"पाठीशी म्हणजे किती मागे?" रत्नपालच्या बायकोनं, प्रभावतीनं, पोळी लाटता लाटता विचारलं.

रत्नपाल म्हणाला, "मी खुद जाऊन बघून येतो." आणि पराठे बांधून थेट आंध्रात, पामच्या बागांकडे गेला.

तिथल्या कृष्णराव नावाच्या शेतकऱ्यानं मोडक्या हिंदीत त्याला बाग दाखवली. लालकेशरी घड बघून रत्नपाल हरखला. मग त्यानं पाण्याचं विचारलं. उन्हाळ्यात एकेका झाडाला रोज बारा-पंधरा बादल्या! देपालपुरची विहीर तर मार्चमध्येच तळ दाखवायची. शिवाय तोडलेला घड एका दिवसात कारखान्यात पोचायला हवा, नाहीतर तेल बिघडतं.

"तुम्हारा कारखाना कितना दूर?" कृष्णरावांनी विचारलं.

"यही आपवाला है जी," रत्नपाल म्हणाला. "मुझे ही आने में दो दिन लगे."

कृष्णराव पोट धरून हसले आणि त्यांनी त्याला जेवायला ठेवून घेतलं.

इंदूरला परतल्यावर तो लाकूड कापणाऱ्या आरा मशीनवाल्या बंडूकडे गेला. बंडूनं लागवडीच्या सागाचा एक ओंडका दाखवला. "बघ भिया, मधलं पक्कं लाकूड एवढंसं, बाकी सगळं पांढरं. भाव पक्क्याला. आणि काळ्या मातीत पाणी तुंबलं की साग रुसतो."

तिथून रत्नपाल एजंटकडे. "वीस सालनंतर मी लाकूड घेऊन इथेच यायचं ना? ऑफिस तुमचं की किरायाचं?"

एजंटनं चहा मागवला.

घरी प्रभावतीनं सगळं ऐकून घेतलं. "पामला पाणी पाहिजे, सागाला उमर. दोन्ही आपल्याकडे कम. शेतात सोयाबीन टाका, साग बांधावर लावा. तिथे पाणी थांबत नाही."

"म्हणजे मी आंध्रात फुकटच गेलो?"

"फुकट कसे? पहिल्यांदाच कुठे जाऊन काही विकत न घेता आलात."

रत्नपाल दोन दिवस फुगून बसला. तिसऱ्या दिवशी सागाची चाळीस रोपं घेऊन देपालपुरच्या बसमध्ये चढला. त्यातली सव्वीस जगली. सोयाबीन पहिल्याच वर्षी छान आलं, आणि पंचशील ऑफिसात सांगत फिरला की सल्ला आपलाच होता.