वस्तीत सगळे पडतात

कौसल्याबाई आयुष्यात एकदाच खरोखर पडली. वय सव्वीस, डोक्यावर काँक्रीटचं घमेलं, आणि शहराच्या कडेला बेशातल्या एका इमारतीचा अर्धवट जिना. बाकीच्या वेळी तिला पाडलेलं होतं. नवऱ्यानं, म्हणजे नत्थूनं, पट्ट्यानं मारून कपाळाला खोक पाडली, तेव्हा दवाखान्यात तिनं पडली म्हणून सांगितलं. दोन दात गेले तेव्हाही तेच. तिसऱ्या खेपेला तिनं सेंट्रिंगची फळी उचलली आणि नत्थूच्या गुडघ्यावर घातली. तो मरेपर्यंत लंगडत राहिला, आणि दवाखान्यात त्यानंही सांगितलं की पडलो. घरची रीतच होती म्हणा ना!

अशा बाईच्या दारात गेल्या वर्षी मुग्धा आली. नगररचनेच्या कॉलेजातली पोर, संशोधन कसं करायचं हा विषय शिकणारी. बेशाच्या मागच्या या वस्तीत पाण्याचे हाल किती, हे तिला चाळीस घरं फिरून शोधायचं होतं. हातात छापील फॉर्म. त्यात एक प्रश्न असा, की पाणी भरताना इजा झाली आहे का, झाली असल्यास कारण काय. सतरा घरांनी सांगितलं, पडल्यामुळे. मुग्धानं मोठ्या हुशारीनं निष्कर्ष काढला. टँकरजवळची जमीन निसरडी आहे, तिथं खडबडीत फरशी घालावी, उतार द्यावा. कागदावर फरशीचं चित्रही काढून झालं होतं.

ते चित्र बघून कौसल्याबाई ठसका लागेपर्यंत हसली. "तुह्या कॉलेजात शिकवतेत तरी काय वं? सतरा बाया पाय घसरून पडल्या? आमच्या वस्तीत कोणी मार खात नाही पोरी, समदे पडतात."

मुग्धानं फरशीच्या चित्रावर हात ठेवला. "मग मी विचारायचं तरी कसं, मावशी?"

"तो कागद ठेव पिशवीत. पहिले बस, चहा पे. काय झालं ते विचारूच नको. तवा तिथं कोण कोण होतं, ते विचार."

मुग्धाच्या सरांनी यावर दोन तास घेतले होते. कौसल्याबाईनं एका कप चहात उरकलं.

मग ती स्वतःच बोलली. टँकरचा पाइप अंकुशच्या हातात असतो. कुठल्याशा पुढाऱ्याच्या मागे फिरणारा हा दांडगा पोरगा, पाणी कोणाला पहिलं आणि कोणाला नाही हे तोच ठरवतो. शेजारच्या काजलला सहावा महिना होता. तिला उन्हात उभं राहवेना म्हणून तिनं गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, पुढे सरकवला, आणि यानं तिच्या पोटात लाथ घातली. लेकरू गेलं. दवाखान्यात काजल पडली असंच लिहिलं गेलं, आणि तेव्हापासून ती पोरगी कोणाशी धड बोलली नाही. कौसल्याबाईनं हे सगळं दारातून पाहिलं होतं.

संमतीच्या कागदावर तिनं पूर्ण सही केली. चाळिशीत साक्षरतेच्या वर्गात अक्षरं गिरवली होती तिनं, अंगठा लावायची तिला भारी चीड. मुग्धानं तो कागद कुलपात ठेवला आणि वहीत लिहिलं, 'उत्तरदाता चौदा'. नाव कुठंही येणार नव्हतं. इथवर पोरीचं सगळं बरोबर होतं.

पण नगररचनेच्या पोरांना नकाशाशिवाय घास उतरत नाही. लोकांकडून घेतलेलं लोकांना परत दाखवावं, असं सर म्हणाले होते. म्हणून मुग्धानं वस्तीचा देखणा नकाशा काढला, घर न् घर, नाली न् नाली, झाडंसुद्धा, आणि वस्तीतल्या बुद्धविहाराच्या आतल्या भिंतीवर लावला. जिथून साक्ष मिळाली तिथं लाल ठिपका, बाजूला बोलणाऱ्याचे शब्द. 'काजलले त्यानंच लाथ मारली.' त्या ठिपक्याच्या घरापुढे कडुनिंब काढलेला. वस्तीत कडुनिंब एकच. नाव झाकलं आणि घर उघडं टाकलं!

दुसऱ्या सकाळी अंकुश आला. हातात पाइपचा तुकडा, टोकाला जोडणीचं लोखंडी कपलिंग. "कडुनिंबाखाली कोण राह्यते, मावशे?" एवढं म्हणून त्यानं हाणलं. पहिला घाव उजव्या मनगटावर, दुसरा कोपरावर. हाड मोडल्याचा आवाज तिला स्वतःला ऐकू आला. ती चुलीजवळ कोसळली तेव्हा त्यानं पाठीत लाथ घातली. समोरची सगळी दारं बंद झाली. तो वाकून म्हणाला, "आता सांग दवाखान्यात, कशी पडली."

आणि तिनं तसंच सांगितलं. डॉक्टरनं विचारलं आणि तोंडातून सवयीनं तेच निघालं. हात दुखत होता, पण त्या एका शब्दाची लाज तिला हातापेक्षा जास्त जाळत होती.

चार दिवसांनी मुग्धा रडत आली. "चूक माझी आहे, मावशी. सर म्हणाले नकाशा काढून टाक, तुमचं बोलणंही खोडून टाक. तुम्हाला पुन्हा काही व्हायला नको."

"रडून राहिली कायले? हात तुहा मोडला का माहा?" कौसल्याबाई कडाडली. "आन् खोडते काहून? मंग मी मार खाल्ला तो कायच्यासाठी? चाल, पेन घे."

दोघी विहारात गेल्या. टँकरचा दिवस होता, बाहेर बायांची रांग, रांगेच्या तोंडाशी अंकुश. कौसल्याबाई नकाशापुढे उभी राहिली. उजवा हात प्लास्टरमध्ये. मुग्धा हळूच म्हणाली, "अंगठा चालेल, मावशी."

"घर तं त्याले माहीतच हाय. आता नाव बी राहू दे," म्हणत तिनं डाव्या हातात पेन धरलं. अक्षरं वाकडी झाली, काना खाली घसरला. पण नाव पुरं झालं.

दारातून अंकुशचा आवाज आला. "मावशे, डावा हात बाकी हाय तुहा."

मग रांगेतून काजल निघाली. भरलेला गुंड तिनं जमिनीवर ठेवला, अंकुशच्या अंगावरून आत आली. "मी पडली नव्हती," ती म्हणाली, आणि कौसल्याबाईच्या हातातलं पेन घेतलं.

अंकुशनं पाइप उचलला. काजल लिहीतच राहिली.