परत न आलेली कोंबडी

देवाला दिलेली वस्तू शेवटी कोणाच्या घरी जाते, हे तुम्ही कधी उभं राहून विचारलं आहे का? मी नव्हतं विचारलं. चर्चच्या आवारात वाढले, दर वर्षी हंगामाच्या सणाला पहिल्या रांगेत बसले, टाळ्या वाजवल्या आणि घरी येऊन जेवले. विचारलं ते लाकडं कापायच्या एका आरामशीनवर भुसा भरणाऱ्या बाईने. तिच्या त्या प्रश्नामुळे आमच्या चर्चच्या मागच्या खोलीला कुलूप लागलं, आणि ते अजून आहे.

आमच्या मंडळीत हंगामाचा सण दिवाळीनंतर, नवं धान बाजारात येऊ लागलं की होतो. प्रत्येक घराने आपल्या पहिल्या पिकातलं काही आणायचं. आता नागपुरात आमच्यात शेती कोणाची? रेल्वे, पोस्ट, शाळा, दवाखाना, हीच आमची शेती. त्यामुळे पहिलं पीक म्हणून येतात बाजारातली वांगी, घरी भाजलेला केक, लोणच्याची बरणी, टोपलीभर संत्री. उपासना झाली की हे सगळं अंगणात टेबलावर मांडतात आणि लिलाव सुरू होतो. जो बोली जिंकतो तो पैसे देतो, वस्तू उचलतो, सगळ्यांना दिसेल अशी वर धरतो आणि हसून परत टेबलावर ठेवतो. म्हणतो, "परत देवाला." की त्याच वस्तूची पुन्हा बोली. एक लोणच्याची बरणी अशी सात जणांच्या हातांतून जाते आणि कोणीच लोणचं खात नाही. हा नियम कुठे लिहिलेला नाही. पण पहिल्याच बोलीला वस्तू घरी नेणारा माणूस वर्षभर चिक्कू म्हणून ओळखला जातो.

लिलाव पुकारायचे आमचे खजिनदारकाका, रेल्वेच्या मालधक्क्यावरून निवृत्त झालेले. आवाज असा की पाळकसाहेबांच्या उपदेशात झोपलेले लोक लिलावाला जागे व्हायचे. आणि लिलावाची राणी म्हणजे त्यांच्या पत्नीची, आमच्या काकूंची, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची कोंबडी. ती दर वर्षी यायची, तीच. तिला लिलावाची इतकी सवय झाली होती की पाय बांधावे लागत नसत. टेबलावर बसून ती आपली किंमत वाढताना शांतपणे ऐकायची. सगळ्यात शेवटी जो जिंकेल तो ती काकूंच्याच घरी पोचवायचा. "राहू द्या काकू, तुमचीच आहे." पुढच्या वर्षी पुन्हा पहिलं पीक म्हणून हजर.

मला हे सगळं गोड वाटायचं. मग कार्यक्रम समितीत माझी नेमणूक झाली आणि गोडपणा ओसरला.

माझे वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. आमच्या घरी पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त. एका कपाटात येशूच्या तारणाच्या पत्रिका, दुसऱ्यात गिरणी कामगारांच्या सभांची पत्रकं, आणि तिखटाची पुडी यातल्या कशातही बांधलेली असायची. मी ती सगळी वाचली. कागदावर छापलेलं वाक्य माणसाने पाळायचं असतं, असं माझं मत त्या वयातच झालं. समितीने मला का घेतलं, तर मला स्टेन्सिल कापता येत होतं. वर्षाचा कार्यक्रम सायक्लोस्टाइल करून घरोघरी वाटायचा, हे काम माझं.

त्या कार्यक्रमात दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी एक ओळ असायची: वस्तीभेट. मी ती ओळ तीन वर्षं छापली. वस्तीभेट एकदाही झाली नाही. जूनमध्ये पाऊस, मे महिन्यात ऊन, डिसेंबरात नाताळची तयारी, फेब्रुवारीत कोणाचं तरी लग्न. बैठका मात्र चुकल्या नाहीत. एका बैठकीत पूर्ण संध्याकाळ फक्त यावर गेली की सणाच्या फलकावर अक्षरं लाल असावीत की निळी. पाळकसाहेब भले माणूस. ते दोन्ही बाजूंसाठी प्रार्थना करायचे.

खरं काम करत होत्या त्या बालवाडीच्या बाई. चर्चच्या मागच्या खोलीत, सकाळी, लकडगंजातल्या आरामशीनवर काम करणाऱ्या बायांची मुलं त्या सांभाळायच्या. आई लाकडं वाहते, भुसा भरते; मूल तिथेच भुशात खेळतं, आणि चार हातांवर पातं फिरत असतं. बाईंनी ते एकदा पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांकडे खोलीची किल्ली मागितली. समितीला विचारलं नाही. त्यामुळे समितीच्या कार्यक्रमात बालवाडी कुठेच नव्हती. मी ती छापायची म्हटलं तर काका म्हणाले, "छापलं की खर्च दाखवावा लागतो, बाई."

मग त्या वर्षी मी सणाचं पत्रक स्वतःच्या बुद्धीने लिहिलं. "सर्वांनी यावे. बोली सर्वांसाठी खुली." बालवाडीच्या बाईंनी ते वस्तीत वाचून दाखवलं.

सणाला वस्तीतून पाच-सहा बाया आल्या. मागे उभ्या राहिल्या. त्यांच्यातली एक उंच, मोठ्या आवाजाची, चार वर्षांच्या मुलीचं बोट धरून आली होती. मुलगी आमच्या बालवाडीतली. आईने डोक्यावरून एक कोहळं आणलं होतं. लाल भोपळा म्हणतात तुमच्याकडे. झोपडीच्या छपरावर वेल चढवून पिकवलेलं. त्या टेबलावर खरं पहिलं पीक तेवढं एकच होतं.

कोहळ्यावर लिलाव रंगला. मोठमोठ्या लोकांनी बोली लावली, परत ठेवलं, पुन्हा लावली. मुलगी दर वेळी टाळ्या वाजवत होती. मग काकांनी कोंबडी पुढे घेतली.

"बोला! चार रुपये एक वार..."

"सहा."

"नऊ!" मागून ती बाई.

सगळे वळून हसले. काका खूश झाले. "शाब्बास! वस्तीनं दाखवलं बघा साहेब लोकांना!" पुढे कोणी बोली लावली नाही, मुद्दामच, तिचा मान राहावा म्हणून. तिने पदराची गाठ सोडून पैसे दिले, कोंबडीचे पंख धरले. काकांनी दोन्ही हात पुढे केले.

"द्या बाई. परत देवाला."

त्यांच्या हातांकडे बघून तिने कारण विचारलं. "काहून जी? पैसे कमी पडले काय?"

"नाही नाही, पैसे बरोबर आहेत."

"मंग?" ती म्हणाली, आणि मुलीला हाक मारली, "चाल वं, उन्ह होऊन राहिलं." आणि फाटकातून निघून गेली. कोंबडी तिच्या बगलेत शांत होती. तिला वाटलं असेल, घरीच चाललेय.

त्याच आठवड्यात समितीची तातडीची बैठक झाली. फलकाच्या अक्षरांसाठी कोणी तातडी केली नव्हती.

"देवाची कोंबडी उचलून नेली," काकू म्हणाल्या. त्या समितीवर नव्हत्या, पण आल्या होत्या.

"विकत नेली, काकू."

"तू बोलू नको पोरी. तुझ्याच कागदानं बोलावलं त्यांना."

"बोली सर्वांसाठी खुली, असं लिहिलं होतं. तुम्ही सगळ्यांनी वाचून मान डोलावली होती."

"खुली म्हणजे अशी खुली नाही," काका म्हणाले.

पाळकसाहेबांनी मार्ग काढला. प्रेमाने जाऊन समजवावं. काका म्हणाले, "म्हणजे वस्तीभेटच झाली की." आणि मी तीन वर्षं छापलेली ओळ अखेर खरी झाली. कोंबडीसाठी.

दोन सायकलरिक्षांत आम्ही चौघं गेलो: पाळकसाहेब, काका, काकू आणि मी. काकूंच्या हातात झाकणाची रिकामी टोपली होती. लाकडांच्या ढिगांमागे, आरामशीनच्या आवाजात, बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागेल अशी ती वस्ती. बाई आम्हाला पाहून आधी घाबरली, मग इतकी आनंदली की मला कुठे बघावं कळेना. तिने पोतं झटकून अंथरलं.

"बसा नं जी. कोनी येतच नाही इकडं. बालवाडीची बाई तेवढी येते."

शेजारीण दारातून डोकावली. "कोन व्हय वं हे?"

"माह्या पोरीच्या शाळेचे लोकं हायेत. मले भेटाले आले." हे तिने जरा मोठ्यानेच सांगितलं, चार घरं ऐकतील असं.

कोपऱ्यात टोपलीखाली कोंबडी होती. काकूंचा आवाज ऐकून ती कुरकुरली. "ओळखलं मला," काकू हळूच म्हणाल्या, आणि त्या क्षणी मला त्यांचाही राग आला नाही.

"अंड्यावर बसवली हाय," बाई म्हणाली. "शेजारनीची अंडी. आता उठवली तं सारं वाया जाते."

पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. लांब, सुंदर, आणि त्यात कोंबडी नव्हती. चहा आला. शेवटी काकाच म्हणाले, "बाई, त्याचं असं आहे, आमच्यात ती वस्तू परत द्यायची रीत आहे."

"कोनाले?"

"देवाला."

"मंग देव ठेवते कुठं तिले?"

काकूंनी आपली टोपली मांडीआड सरकवली. पाळकसाहेब चहा फुंकत राहिले. बाईने आमच्या तोंडांकडे पाहिलं आणि तिला समजलं. चिडली नाही. थोडी हसलीच.

"म्हंजे विकून नव्हते राहिले तुम्ही. खेळून राहिले होते." मग काही तरी आठवून म्हणाली, "अन् माहं कोहळं? त्याले तं लय बोली लागली. ते कोनी खाल्लं?"

ते कोहळं पाळकसाहेबांच्या खोलीत टेबलाखाली होतं. मी त्याच सकाळी पाहिलं होतं. लिलावात आपटलेल्या बाजूने मऊ पडलं होतं आणि मुंग्या लागल्या होत्या.

"कोणीच नाही," मी म्हटलं.

"कापून तं पाहाचं," ती म्हणाली. "आतून लाल निघते ते. गोड हाय."

परत येताना काका, काकू आणि मी एकाच रिक्षात दाटीने बसलो होतो; काका बोलत होते. "शिक्षण नाही ना, रीत कळत नाही या लोकांना." मी म्हटलं, काका, रीत तिला कळली, आपल्याला तिचा बाजार कळला नाही. सत्य कळायला शिक्षण लागतं असं येशूने कुठे सांगितलंय, बायबलातली ओवी दाखवा. काका म्हणाले, "तू पत्रकासारखी बोलतेस." मी म्हटलं, हो, पत्रकं खरी करायला बसलीय. काकू मध्येच म्हणाल्या, "पिल्लं निघाली की एक तरी देईल का ती?"

पुढच्या बैठकीत कोंबडीचा विषयच निघाला नाही. विषय होता खुर्च्यांचा. मंडळीच्या घडीच्या खुर्च्या ओसरीत भिजतात, हे वस्तीभेटीनंतर एकाएकी सगळ्यांना आठवलं; खुर्च्यांना मागची खोली हवी. बालवाडीच्या बाई त्या दिवशी पहिल्यांदा बैठकीला आल्या.

"खुर्च्या ओसरीतच राहू द्या. मुलांना बाहेर ठेवता येणार नाही."

"खुर्च्या भिजतात, बाई," काका म्हणाले.

"मुलं भिजत नाहीत वाटतं?"

वाद वाढला. तेव्हा आमचे लोक जे नेहमी करतात तेच त्यांनी केलं: उपसमिती नेमली. निर्णय होईपर्यंत खोली बंद. किल्ली काकांकडे. उपसमिती अजून बसलेली नाही. दोन पावसाळे गेले.

काकांना दुष्ट म्हणू नका. त्यांच्या लहानपणी मिशनच्या लोकांनी सगळं दिलं आणि एक दिवस ते लोक निघून गेले. तेव्हापासून हातातलं काही सुटू द्यायची त्यांना भीती वाटते. मला ते कळतं. पण भीतीपायी त्यांनी किल्ली धरून ठेवलीय, आणि त्याची किंमत दुसरंच कोणी देतंय. कोरड्या दिवशी बाई मुलांना अंगणातल्या कडुनिंबाखाली बसवतात. पाऊस असला की बालवाडी बंद. त्या दिवशी ती टाळ्या वाजवणारी मुलगी आईबरोबर आरामशीनवर जाते. पात्याकडे जाऊ नये म्हणून आई तिच्या कमरेला दोरी बांधते आणि दोरीचं दुसरं टोक खांबाला. बाईंनी मला नेऊन दाखवलं. मुलीने मला ओळखलं आणि दोरी ताणून जितकं पुढे येता येईल तितकी आली.

या वर्षीच्या कार्यक्रमातही "वस्तीभेट" आहे. स्टेन्सिल कापायला मी नाही म्हटलं. दुसऱ्या कोणी कापलं. मी त्याऐवजी हे लिहिलं.

तेव्हा माझं मागणं ऐका. या हंगामाच्या सणाला या. मागे उभ्या असलेल्या बायांशेजारी उभे राहा. ज्याची बोली जिंकाल ते घरी न्या, चिरा, शिजवा, खा. कोणी "परत देवाला" म्हणून हात पुढे केला तर तिच्यासारखंच विचारा, काहून जी? आणि लिलाव संपला की खजिनदारकाकांकडे जाऊन मागच्या खोलीची किल्ली मागा. एकटीने मागितली तर मिळत नाही. मी मागून पाहिलं आहे. तुम्ही सगळे मिळून मागा.