तलावातला दुसरा कवडसा

मेश्राम गेले हे मला गेल्या महिन्यात शोकसभेच्या निरोपातूनच कळले... सभेत दूरध्वनी खात्यातले त्यांचे निवृत्त साहेब म्हणाले, "मेश्रामांचे विचार नेहमी उंच असत." या साहेबांना स्वतःला आयुष्यभर उंचीखेरीज दुसरे काही सुचले नाही, हे तिथे उठून सांगणे माझ्या स्वभावात नाही. म्हणून हे लिहिणे.

कापसाच्या त्या वाईट वर्षांत झरी गावचा दूरध्वनी मारेगावच्या मनोऱ्यावरून मायक्रोवेव्ह लहरींवर चाले, आणि सकाळी मुका होई. फवारणीच्या दिवसांत विष भिनलेले मजूर सकाळीच दवाखान्यात आणले जात. यवतमाळहून रुग्णवाहिका मागवू पाहणारी परिचारिका मुका फोन हातात धरून उभी राही. साहेब पाहणीला येत ते जेवण आटोपून. तोवर वारा सुटलेला असे, फोनही सुरू असे. "चालू तर आहे," म्हणून ते परतत. अखेर त्यांनी मनोऱ्यावरची, लहरी झेलणारी तबकडी आणखी वर चढवली, नारळ फोडला. फोन अधिकच बिघडला.

मेश्राम अभियंता होते, आणि नम्र मुळीच नव्हते. मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवीत असे, म्हणून एका सकाळी त्यांनी मला मनोऱ्यावर नेले. झरीच्या गच्चीवरून त्यांचा सहकारी मेश्रामांच्या दाढीच्या आरशाने उन्हाचा कवडसा पाडत होता. वाट मोकळी आहे का, हे पाहण्याची ती त्यांची रीत.

"सर, किती दिसून राह्यले?"

"दोन." एक झरीचा, दुसरा त्याच्याखाली, वाटेतल्या तलावाच्या निश्चल पाण्यात.

लहरही अशीच दोन वाटांनी येते, ते म्हणाले. पाण्यावरून आलेली उलट्या ठेक्यात पोचते आणि सरळ आलेलीला पुसून टाकते. वाऱ्याने पाणी हलले की तिचा जोर मोडतो. तबकडी खाली घेतली, तर मधली सागाची टेकडी तलाव झाकेल आणि सरळ वाट मोकळीच राहील.

कचेरीत हे ऐकून साहेब हसले. "खाली? मंग टावर कायले बांधला? लोक हसतीन."

"लोक मरून राह्यले, साहेब. हसाले कोण येते?"

मेश्रामांनी परवानगीविनाच तबकडी उतरवली. त्यांची बदली गोदामात झाली. झरीचा फोन मात्र सकाळीही वाजू लागला. तबकडी पुन्हा चढवण्याचा हुकूम साहेबांनी दिला नाही. त्यासाठी सकाळी उठून स्वतः पाहायला जावे लागले असते.

सभेनंतर आम्ही मेश्रामांच्या घरी गेलो. ते पाटावर बसून दाढी करीत, म्हणून तो आरसा अजूनही दाराजवळ अगदी खालच्या खिळ्यावर आहे. साहेब केस सारखे करायला वाकले, कण्हले.

"वहिनी, आरसा थोडा वर लावा नं."

"राहू द्या, साहेब," मेश्रामांच्या पत्नी म्हणाल्या. "तिथूनच बरोबर दिसते."