वस्तादांनी गाडीला टर्बो बसवला

वस्तादांना गाडीचं दुखणं ऐकून कळायचं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. बघणाऱ्याला वाटावं, स्वारीला डुलकी लागली. मग डोळे उघडून ते बिघाड सांगत, आणि तीस वर्षांत तो चुकीचा निघाला असं क्वचितच झालं. साहजिकच ते नाकावर माशी बसू देत नसत. गॅरेजात कुणी यंत्र लावून गाडी तपासायला घेतली, की ते उठून चहाला जात.

गेली दोन वर्षं मात्र कुठेतरी पाणी मुरत होतं. दारावरची बेल बडवून माणूस निघून जाई आणि हे आतल्या खुर्चीत पेपर वाचत बसलेले असत. कुणी हळू बोललं की नुसती मान हलवत. मग एका गिऱ्हाइकाची गाडी त्यांनी ‘ठणठणीत आहे’ म्हणून परत पाठवली. तिचं बेअरिंग गल्लीच्या टोकापासून किरकिरत होतं. गॅरेज त्यांचं आणि धाकट्या भावाचं. भावाने ते बेअरिंग मुकाट्याने बदलून दिलं आणि दोन दिवसांनी विषय काढला, की दादा, तू आता पुढच्या टेबलावर बस, हिशेब बघ, इंजिनं मी बघतो.

हे वस्तादांच्या जिव्हारी लागलं. ते म्हणाले, माझ्या स्वतःच्या गाडीला मी टर्बो बसवतो. महिनाभर चढावर पळवून दाखवतो. टिकली, तर हा विषय बंद. नाही टिकली, तर पुन्हा इंजिनाला हात लावणार नाही. भाऊ हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

गाडी वीस वर्षांची. चार सिलिंडरचं साधं इंजिन, कंपनीतून आलं तसंच्या तसं. तिने आयुष्यभर बाजारहाटापलीकडे काही केलेलं नव्हतं. टर्बोचं काम सांगायला सोपं: इंजिनाबाहेर फुकट जाणाऱ्या धुराने एक चाक फिरवायचं आणि त्या चाकाच्या जोरावर इंजिनात जास्तीची हवा कोंबायची. हवा जास्त, पेट्रोल जास्त, की ताकद जास्त. पण साध्या इंजिनाचे पिस्टन एवढा मार खायला बनवलेले नसतात, म्हणून सगळं बेताबेताने करावं लागतं. वस्तादांनी ते तसंच केलं. इंजिनातला दाब उतरावा म्हणून जाड गॅस्केट घातलं, टर्बोला तेलाची नळी दिली, तापलेली हवा निवायला पुढे जाळी बसवली. दोन महिने खपले. वेल्डिंग इतकं साफ, की भावाने त्यावरून बोट फिरवलं, तर ते कुठेच अडलं नाही.

राहिलं टायमिंग, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी कधी पडावी ते. वस्तादांची रीत जुनी होती. गाडी चढावर दामटायची, दर फेरीला ठिणगी जराशी लवकर पाडायची, आणि आतून बारीक टकटक ऐकू आली की दोन अंश मागे यायचं. ती टकटक म्हणजे पिस्टनवर पडणारे घाव. भावाने ती पकडणारं यंत्र आणून दिलं. वस्तादांनी ते उचलून त्याच्याच टेबलावर नेऊन ठेवलं.

आकडे लिहायला बायको शेजारी बसली. पहिली फेरी झाली, दुसरी झाली. तिसऱ्या फेरीला तिने विचारलं, की अहो, हे टकटक काय वाजतंय? वस्तादांनी समोर बघत मान हलवली आणि हसले. गाडीतलं यांना कळतं, आपल्याला काय, असं म्हणून तिने पुढचा आकडा लिहिला. सहाव्या फेरीलाही आवाज काही येईना, तेव्हा वस्तादांना आकाश ठेंगणं झालं. एवढं टायमिंग पेलणारं इंजिन त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. तिथेच त्यांनी टायमिंगचा बोल्ट आवळून टाकला.

नवव्या दिवशी चढावर मागे निळा धूर सुटला आणि गाडी थरथरायला लागली. भावाने ती ओढून गॅरेजात आणली, पण इंजिन वस्तादांनी स्वतः उघडलं. तिसऱ्या पिस्टनची कड तुटली होती. चारही पिस्टनच्या माथ्यावर खड्डेच खड्डे.

भावाने पिस्टन हातात घेऊन बघितला आणि मोठ्याने विचारलं, “वहिनी, आकडे लिहायला तुम्ही शेजारी होतात. काही वाजत होतं?”

तिने नवऱ्याकडे बघितलं. “नाही,” ती म्हणाली.

खोटं बोलायची तिला सवय नव्हती, आणि भावाने ते ओळखलंही. पण त्याने पिस्टन परत बाकावर ठेवून दिला. वस्तादांना तिचा चेहरा वाचायची गरज नव्हती. पिस्टनवर सगळं लिहिलेलं होतं. असे खड्डे एका दिवसात पडत नाहीत, आणि आवाज न होता तर पडतच नाहीत. नऊ दिवस घाव पडत होते आणि ते खुशीत गाडी हाकत होते. त्यांना बायकोची लाज वाटली, भावाची वाटली, आणि गिऱ्हाइकांच्या आणखी किती गाड्या आपण अशा परत पाठवल्या असतील, ते त्यांना मोजवेना.

“तू ऐकलंस,” ते म्हणाले.

तिने मान खाली घातली. “विचारलं होतं मी तुम्हाला. तुम्ही मान हलवलीत.”

वस्तादांनी हात पुसले आणि स्टूल तिच्याजवळ ओढून घेतलं.

“कसा होता आवाज? वाजवून दाखव.”

बाकावर नट-बोल्ट ठेवायची पत्र्याची थाळी होती. तिने वाकून तिच्यावर नख टेकवलं. भावाने तोंड फिरवलं. वस्ताद मान तिरकी करून, डोळे मिटून बसले.

“अगं, वाजव ना,” ते म्हणाले.

ती वाजवतच होती.