कौसल्यामावशीचे तपकिरी दात

लालबागला आमच्या चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं की कौसल्या मांडवकर झोपेतसुद्धा मशेरी लावते. पुढच्या दातांवर तपकिरी पट्टे आणि हसताना तोंडाला पदर. आणखी पुरावा कशाला? तळमजल्यावरच्या राधाबाईंनी तर डबीही पाहिली होती.

डबी खरी, पण आत राखुंडी होती. तंबाखूला मावशीने उभ्या जन्मात बोट लावलं नव्हतं. गिरणीतून आली की मोरीत बसून ती दात घासायची, हिरड्यांतून रक्त येईस्तोवर. माहेरी, राजापूरकडच्या गरम झऱ्याच्या गावात, सगळ्यांचेच दात असे होते. पांढऱ्या दातांची सून आली की बायका हळूच विचारत, हिला काही होतं का. लग्न होऊन मुंबईत आली आणि पहिल्याच दिवशी नळावर कुणीतरी फिसकन हसलं. तेव्हापासून पदर.

पदराआडचा आवाज मात्र असा, की ती नळावर बोलली की समोरच्या चाळीतले लोक आपल्या बादल्या आवरत.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. चाळीच्या कलापथकाचा वग बसत होता: मुंबई वेगळी काढू बघणाऱ्या पुढाऱ्याला एक मासळीवाली खडसावते. मासळीवाली करणारा गणपत सत्याग्रहात जाऊन तुरुंगात बसला आणि प्रयोग आला तोंडावर. पथकाचे नाना आवाज शोधत हिंडत होते, तो त्यांना नळावर सापडला.

मावशीला ते काम हवं होतं. इतकं, की गणपतची सगळी वाक्यं तिला आधीच पाठ होती, त्याच्या अडखळण्यासकट. पण नाना तिच्या दातांकडे बघून घुटमळले. पुढाऱ्याला झापणारी बाईच मशेरीवाली, लोक काय म्हणतील? तोंड जरा मिटून बोलता येईल का, असं त्यांनी सुचवलं. मावशीने करून पाहिलं. मासळीवालीची दाढ सुजल्यासारखी वाटली.

शेवटी धाकटी जाऊ बकुळा तिला ओढत दादरच्या दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. मावशीने सांगून टाकलं, हे डाग खरवडून काढा. डॉक्टरांनी आरसा घालून सगळं तोंड पाहिलं. काय खाता हे विचारलंच नाही. विचारलं, लहानपणी पाणी कुठलं प्यायलात? झऱ्याचं म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली.

"त्या पाण्यात फ्लोराइड असणार. खनिज आहे ते. किंचित असलं तर दात कणखर होतात. तुमच्या झऱ्याने हात सैल सोडून वाढलंय. दात हिरडीत घडत होते तेव्हाच डाग बसले. आणखी असतं तर दात ठिसूळ झाले असते. आता राख घासून डाग जायचे नाहीत, हिरड्या तेवढ्या जातील."

"म्हणजे ही घाण न्हय?"

"घाण कसली? बाई, एक दात किडलेला नाही. सगळ्यांचे असे असते तर मी दुकान बंद केलं असतं."

बकुळाने ते चाळभर केलं. नानांनी तोंड मिटायची अट सोडली आणि काम मावशीला दिलं. राधाबाई म्हणाल्या, बघू.

चाळीतल्या सगळ्यांच्या नकला करणाऱ्या प्रस्तुत लेखकाची मात्र पंचाईत झाली. पदराआडच्या हसण्याची नक्कल हा त्याचा हुकमी हशा. त्याने पैज लावली: मंचावर पहिला हशा आला की मावशीचा पदर तोंडावर जाणार. हरेल त्याने ऊस द्यायचा.

"चलात," मावशी म्हणाली. "पण ऊस जाडो व्हयो."

प्रयोगाला पटांगण भरलं होतं. पहिला हशा आला. मावशीचा हात सवयीने पदराकडे गेला, पदर खांद्यावरून उचललासुद्धा. आणि तिने तो कमरेला खोचला. मग पुढारी झालेल्या जयवंतासमोर उभी राहून ती सगळे पट्टे दिसतील अशी हसली. जयवंत पुढचं वाक्य विसरला. पहिली टाळी राधाबाईंची.

ऊस जाडाच आणावा लागला. मावशीने तो पायरीवर बसून दातांनी सरसर सोलला आणि पहिला करवा पैज हरलेल्याच्या हातात दिला. त्याने चावला आणि त्याच्या पांढऱ्याशुभ्र दाढेतून कळ थेट कानात गेली.

मावशीने पदराला हात न लावता विचारलं, "दादरचो पत्तो देवू काय रे तुका?"