केसावर भांडे

कौशल्याबाईनं त्या दिवशी पदर डोक्यावर इतका आवळून घेतला होता की कानशिलं ठणकत होती. सोमवारी फणी फिरवली तर मूठभर केस हातात आले. मंगळवारी फणी न लावताच आले, उशीवर. आता मागच्या बाजूला बोट लावलं की सरळ कातडीच लागायची, गुळगुळीत. घरात तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. सांगणार कोणत्या तोंडानं? तिचा धंदाच केसांचा.

शेगावला स्टेशनामागच्या वस्तीत राहणारी ही बाई नवरा गेल्यापासून खेडोपाडी फिरायची. डोक्यावर भांड्यांची पाटी, खांद्यावर गोणी. बाया रोज फणीतून निघालेलं गुंतवळ भिंतीच्या फटीत, नाहीतर दिवळीत कोंबून ठेवतात. कौशल्याबाई ते तोलून घ्यायची आणि बदल्यात वाटी, चाळणी, नाहीतर गंज, म्हणजे पातेलं, द्यायची. केस कमी पडले तर बाया वरून गहू घालायच्या. पुढं हे केस विग बनवायच्या कारखान्यात जायचे. खांडवे-टुणकी करत सोनाळ्यापर्यंत तिचा आवाज लोक ओळखत. पण जिचे स्वतःचेच केस गळतात अशा केसवालीला कोणतं गाव वेशीच्या आत घेईल? एकदा का लोकांना कळलं, की पाटी खाली ठेवायची ती कायमची.

त्या दिवशी ती ज्या गावात आली, तिथं तर पंधरा-वीस दिवसांपासून लोकांचे केस जात होते. बाया, गडी, लेकरं, कोणी सुटलं नव्हतं. तरी ती आली. खरं सांगायचं तर जिथं केस गळतात तिथंच केस मिळतात. पोटाला लाज नसते, आणि तिलाही त्या बाबतीत नव्हती.

"केसावर भांडेऽऽ! घ्या वं बाई, केसावर भांडे!"

एकही दार उघडलं नाही. गल्लीच्या तोंडाशी पोरंटोरं जमली होती, त्यांच्यातला शिवम पुढं आला. नारायणरावांचा पुतण्या. डोक्याला रुमाल.

"हेच ते! हेच बाई आपले केस घेऊन जाते!"

"घेऊन जातो तं फुकट नेतो का बे? तुह्या मायनं चहाचा गंज घेतला माह्याकून, विचार घरी."

"गंज गेला चुलीत. केस नेऊन कोणाजवळ दिले? करणी कोणी केली?"

दुसरा म्हणाला, "करणी नाही बे, रोग हाये. गावोगावचे केस या गोणीत. थेच इथं घेऊन आली."

बघता बघता माणसं गोळा झाली. गोणीला कोणी हात लावेना, पण बाईला रेटत रेटत शाळेत नेलं. शाळेत आरोग्य खात्याची मंडळी बसली होती. आठवीच्या वर्गात टेबल टाकून डॉक्टर सुवर्णा लोकांची रक्तं काढत होत्या. बुलढाण्याहून आलेली ही तरुण बाई दोन दिवसांपासून एकच गोष्ट सांगून सांगून घसा बसवून बसली होती.

नारायणराव ओसरीवर उभे होते. गावात त्यांचा शब्द चालायचा, पण या महिन्यात शब्दाला उतार लागला होता. मुलगी करिष्मा हिचं रोहिणखेडला ठरलं होतं. तिचे केस गेल्याची बातमी पोचली आणि सोयऱ्यांनी निरोप पाठवला: तुमच्या गावचं रक्तच तसं आहे, उद्या आमची नातवंडं टकली निघतील. तेव्हापासून त्यांना कोणीतरी गुन्हेगार हवा होता. तो आता पाटी घेऊन समोर उभा होता.

"गोणी जाळा," ते म्हणाले.

शिवमनं मोटरसायकलमधून पेट्रोल काढलं, बाटली भरली.

कौशल्याबाई गोणीवर बसली. चांगली मांडी घालून बसली. "आता जाळा. माह्यासंगं जाळा."

"अहो, ऐका!" डॉक्टर सुवर्णा वर्गातून धावत आल्या. "डोक्याबाहेर दिसतो तो केस मेलेला असतो, नखासारखा. जिवंत असतं ते कातडीखालचं मूळ. ते मूळ आजारी पडलं की केस सुटतो. बुरशी असती तर एकाची दुसऱ्याला लागली असती. आम्ही कातडी खरवडून पाहिली, बुरशी नाही. गोणीतल्या केसानं काही होत नाही."

"मंग झालं कायनं?"

 डॉक्टरांना तेच माहीत नव्हतं. पाणी तपासलं होतं. काय खाता ते घरोघर विचारलं होतं. कोणी कंट्रोलचा, म्हणजे रेशनचा गहू खायचं, कोणी घरचा, दोन्ही घरांत केस गेले होते. म्हणून गव्हावर त्यांनी काट मारली होती.

"पाहा, यायलेच माहीत नाही," नारायणराव म्हणाले. मग ते कौशल्याबाईकडे वळले आणि त्यांच्या आवाजात एकदम थंडपणा आला. "बाई, तू या गावात येतं, इथलं पाणी पेतं. आमच्या पोरीयचे केस गेले. तुह्ये कसे राह्यले? पदर खोल. पाहू दे."

गर्दी आणखी जवळ सरकली.

 पदराखाली केस शाबूत असते तर ती चेटकीण ठरली असती: सगळ्यांचे गेले, हिचेच राहिले. केस नाहीत म्हटल्यावर ती रोगीण: हिनंच आणला. नारायणरावांनी असा सापळा मांडला होता की कोणत्याही बाजूनं पाय टाका, दात रुतणारच. आणि शिवम पुढं सरकत होता, हात पदराकडे आलेला.

तिनं त्याच्या मनगटावर अशी थप्पड मारली की बाटली कलंडली.

"हात नोको लावू! माह्या डोक्यावरचा पदर माह्या नवऱ्यानं कधी ओढला नाही, अन् तू ओढतं?"

ती उठली. गोणी तिथंच टाकली. गर्दीतून सरळ वर्गात गेली आणि डॉक्टरांच्या टेबलासमोरच्या स्टुलावर बसली, जिथं सकाळपासून गावची माणसं बसत होती. पाठ नारायणरावांकडे.

"लिवा माहं नाव. कौशल्याबाई. पेशंट."

आणि तिनं स्वतःच्या हातानं पदर खाली घेतला.

दारातली माणसं मागं रेटली गेली. "बाप रे! हिलेच हाये! हिनंच आणलं!" शिवम ओरडला. बाया लेकरं ओढून घेत पळाल्या. कौशल्याबाईनं मान हलवली नाही. टकलावर गार वारा लागत होता, आणि उघड्या डोक्यानं लोकांत बसायची तिची ही आयुष्यातली पहिलीच वेळ होती. 

"कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

"सोमवारपासून."

दाराबाहेर ओढणीत गुंडाळलेली करिष्मा उभी होती. ती पहिल्यांदाच बोलली. "आमचे तं कधीचेच गेले मावशी. मंग तुम्ही कशा आणान? आधी आमचं, मंग तुमचं."

 डॉक्टरांनी पेन उचललं.

"राहता कुठं?"

"शेगावले. पाणी नळाचं."

"घरात अजून कोण? त्यांचे केस?"

"लेक हाये, सून हाये. त्यायले काही नाही. दोघं लॉजवर कामाले जातात, तिथंच जेवतात. घरी चूल माह्यापुरती."

"आणि तुमच्या चुलीवर काय?"

"पोळ्या. याच गावचा गहू. केस कमी भरले का बाया कंट्रोलचा गहू घालतात वरून."

डॉक्टर खुर्चीत सरळ झाल्या. लेक पोटचा. घर एक, पाणी एक. वेगळं काय, तर ताटातली पोळी. त्यांनी दाराकडे पाहिलं.

"नारायणराव, तुम्ही परवा सांगितलं, तुमच्या घरी शेतातला गहू."

"हाव. घरचाच."

"पक्कं?"

नारायणरावांनी मिशीवरून हात फिरवला. दुमजली घर, दारात गाडी, आणि कंट्रोलच्या दुकानात नाव? हे चारचौघांत कोण कबूल करणार? त्यांनीच नाही, गावातल्या सगळ्या मोठ्या घरांनी हेच सांगितलं होतं. घरचा गहू. रानात हरभऱ्याशिवाय काही उभं नसताना.

"बाबा," करिष्मा म्हणाली, "सांगा ना. आपणही तोच खातो."

 नारायणरावांच्या मागून कोणीतरी खाकरलं. "आमच्या घरीबी तोच," एक म्हणाला. मग दुसरा. मग एक म्हातारी फिसकन हसली, "अवं, मले वाटे मोठ्यायची पोळी येगळी असते."

"मी अजून पक्कं म्हणत नाही," डॉक्टर सुवर्णा भराभर लिहीत बोलल्या. "नमुना जाईल, तपासणीचा निकाल येईल. तोवर तो गहू कोणी दळायचा नाही. पण एक गोष्ट आजच सांगते. ही बाई तुमच्या नात्याची नाही, गोत्याची नाही, गावची नाही. तरी हिचे केस गेले. जे आईबापाकडून बीजात येतं, ते असं शेजारच्या बाईला होत नाही. हे रक्तातलं नाही."

नारायणरावांनी मान वर केली. चेहऱ्यावरचा राग उतरला आणि तिथं व्यवहार आला. ते आत आले, चप्पल दाराशी काढून.

"बाई, गुरुवारी रोहिणखेडले चालता का? सोयऱ्यायसमोर फक्त उभं राहाचं. गाडी करतो."

मघाचं 'तू' आता 'तुम्ही' झालं होतं. कौशल्याबाईनं आधी पदर डोक्यावर घेतला, नीट, सावकाश.

"काऊन? माहं डोकं काय जत्रेतलं अस्वल हाये, नेऊन दाखवाले?"

"पोरीच्या जिंदगीचा सवाल हाये."

"अन् माह्या जिंदगीचा? आता बाटली आणली होती तुमच्या पुतण्यानं. म्या या गावात याचं का नाही याचं?"

"या ना. कोण अडवते?"

"मले नोका सांगू. त्यायले सांगा."

नारायणराव ओसरीवर गेले. घसा साफ केला. दोनदा केला. "बाईले कोणी अडवाचं नाही," ते म्हणाले. शिवम काही बोलू लागला तर त्याच्यावर असे डाफरले की तो रिकामी बाटली घेऊन कुंपणाकडे सरकला.

"येतो गुरुवारी," कौशल्याबाई म्हणाली. "पोरीसाठी येतो. तुमच्या गाडीत नाही, यष्टीनं. अन् पदर घेऊन. खोलाचा का नाही थे मी ठरवीन."

डॉक्टरांनी रक्त काढलं. मग तिनं गोणी झटकली, पाटी उचलली. हाताचा कापूस गळून पडला तरी थांबली नाही. त्याच गल्लीत शिरली. पाटी सावरली. मग हाक दिली.

"केसावर भांडेऽऽ!"

दारं बंदच. दुसऱ्या गल्लीतही बंद. एका खिडकीचा पडदा हलला आणि थांबला. तिसऱ्या गल्लीत करिष्मा धावत आली, हातात जुन्या साडीच्या फडक्याचं गाठोडं. गाठ सोडली तर आत नुसतं गुंतवळ नव्हतं, हातभर लांब अख्खे केस होते, एका पोरीचे सगळे.

"बाबा जाळ म्हणे," ती म्हणाली. "म्या नाही जाळले. काय देता?"

कौशल्याबाईनं केस तोलायचा काटा काढला, आणि तसाच परत ठेवला. पाटीतला सगळ्यात मोठा गंज उचलून पोरीच्या हातात दिला.